जमिनीपासून सातवी

आमचे साडू खोटे बोलत नाहीत, ही गोष्ट मला गेली बावीस वर्षे खटकत आलेली आहे. खोटे न बोलणारा माणूस खरे सांगतोच असे नाही, हे चार माणसांत वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते. आणि आमचे साडू तर मुळात बोलतातच कमी. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचे आणि न विचारलेले सगळे पोटात ठेवायचे, ही त्यांची रीत. अशा माणसाला लोक साधाभोळा म्हणतात. मी आतल्या गाठीचा म्हणतो, आणि म्हणून आमच्या घरात वाईट ठरतो.

त्यांचा धंदा लाकडी जिने करण्याचा. कारखान्याच्या दारावर पाटी आहे, तीवर 'जिने' एवढी दोनच अक्षरे. नाव नाही, फोन नाही. एकदा मी म्हटले, "साडूभाऊ, निदान आडनाव तरी घाला." ते म्हणाले, "आडनाव चढून कोण वर जाणार आहे, मास्तर?" मी तंत्रनिकेतनात रेखांकन शिकवतो, म्हणून मी मास्तर. माझ्या दोन पदव्यांचे त्यांच्या तोंडी एवढेच झाले.

ते स्वतः सातवीपर्यंत शिकले. वडील खोकी ठोकणारे सुतार होते. ते एका गोदामाच्या जिन्यावरून पडले आणि कायमचे लंगडे झाले. त्या जिन्याची एक पायरी कोणीतरी बदलली होती, आणि नवी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच बसली होती. बोटभरच. साडू त्यावर एक वाक्य बोलतात, आणि मी ते माझ्या वर्गात माझे म्हणून वापरतो, हे येथे कबूल करतो: माणूस पहिल्या दोन पायऱ्या बघून चढतो, तिसरीपासून पाय डोळ्यांना विचारत नाही.

म्हणून साडूंनी गिऱ्हाइकांना एक शब्द दिलेला आहे. त्यांच्या प्रत्येक जिन्याच्या पहिल्या पायरीखाली पितळेची छोटी पट्टी असते आणि तीवर जिन्याचा क्रमांक. पायरी मोडली, तडकली, वाळवीने खाल्ली, की क्रमांक कळवायचा आणि कितवी ते सांगायचे. नेमकी तीच पायरी, केसाचा फरक न ठेवता, करून मिळणार. पंचवीस वर्षांनी सांगा, चाळीस वर्षांनी सांगा. एकूण तीनशे बारा जिने. हा शब्द पाळण्यावर त्या माणसाची सगळी पत उभी आहे. सरळ जिन्यात ते फारसे कठीण नसते, कारण सगळ्या पायऱ्या सारख्या. वळणाच्या जिन्यात मात्र वळणातली प्रत्येक पायरी वेगळ्या आकाराची असते. तिचे माप जपून ठेवलेले नसेल, तर शब्दाला काही अर्थ उरत नाही.

पूर्वी ते असला जिना कारखान्याच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात काढत. गुडघ्यांवर बसून तीन दिवस लागायचे. चौदा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जाब विचारला. तेव्हा माझ्या पत्नीच्या आग्रहावरून मी आमचा जुना संगणक त्यांच्याकडे नेऊन ठेवला आणि त्यात 'आखणी' घालून दिले. 'आखणी' हे आम्हा हौशी लोकांच्या मंडळाने तयार केलेले, नकाशे काढायचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मुक्त म्हणजे कोणीही घ्यावे, उघडून आत बघावे, दुरुस्त करावे. मी त्या मंडळाचा जुना सभासद आणि मार्गदर्शिकेचा लेखक. त्यांना संगणक नेऊन देणे हे माझे पुण्य की माझी चूक, हे अजून ठरायचे आहे.

'आखणी'मध्ये हाताने रेघा ओढता येतात. पण तेच ते काम पुन्हा पुन्हा असेल, तर सूचनांची एक छोटी चिठ्ठी लिहून ठेवता येते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती ज्या भाषेत लिहायची, ती आमच्याकडे पहिल्यापासून ल्युआ होती. तयार कामांचा साठा म्हणजे लायब्ररी, आणि त्या साठ्यातल्या कामाला ज्या नावाने हाक मारायची ती नावे इंग्रजी, रोमन लिपीत. आमच्या ल्युआला नावांत देवनागरी चालत नाही. पहिल्या दिवशी साडूंनी विचारले होते, "लायब्ररी म्हणता, मग पुस्तकं कुठायत?" मी हसलो होतो. सहा महिन्यांनी त्यांनी अख्ख्या जिन्याची स्क्रिप्ट लिहून दाखवली, तेव्हा मी हसलो नाही. एकेचाळीस इंग्रजी नावांचा तक्ता करवतीच्या वरच्या भिंतीवर डकवून, अक्षरे चित्रांसारखी उतरवून घेऊन, त्यांनी ते जमवले होते. पुढे जुन्या जिन्यांची मापेही त्यांनी वह्यांतून त्यात चढवली.

माझी मार्गदर्शिका मराठीत आहे, चारशे बारा पानांची. तीत मी प्रत्येक इंग्रजी नावाला प्रतिशब्द दिलेला आहे. साडूंनी ती वाचली, हे मी मान्य करतो. मंडळातल्या दुसऱ्या कोणी वाचल्याचा पुरावा नाही. वाचून ते म्हणाले, "मास्तर, हा सोपानघटक म्हणजे कोण?"

"पायरी."

"मग पायरी का नाही म्हणायचं?"

"शास्त्राला नेमकेपणा लागतो."

"बरं," ते म्हणाले. "मला वाटलं, सोपानचा घटस्फोट झाला."

मेव्हणी आणि आमची ही दोघी बहिणी त्यावर आठवडाभर हसत होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरे काय.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी मंडळाच्या सचिवबाईंनी प्रस्ताव आणला की पुढच्या आवृत्तीपासून ल्युआ काढून पायथन घ्यावी. या बाई हवामानखात्यात आकडेवारीचे काम करतात; बोलणे मऊ आणि कागद कायम तयार. ल्युआ जाणणारी माणसे मंडळात दोनच उरली आहेत, पायथन आता शाळेपासून शिकवतात, तिच्यात तयार लायब्रऱ्या ढिगाने मिळतात, असे त्यांचे म्हणणे. आमचे म्हणणे असे की ल्युआ लहान आहे, हलकी आहे, जुन्या यंत्रावरही धावते, आणि मुख्य म्हणजे हजारो स्क्रिप्ट तिच्यात लिहिलेल्या आहेत. यात माझा स्वार्थ होता, तो मी लपवत नाही. भाषा गेली की माझी चारशे बारा पाने रद्दी. पण माझ्यापेक्षा मोठा प्रश्न साडूंचा होता. तीनशे बारा जिने त्या भाषेत होते. नव्या आवृत्तीत ते उघडले नाहीत, तर दिलेला शब्द कशाच्या जोरावर पाळायचा?

मंडळात मते सात. तीन बाईंकडे, माझ्यासकट तीन ल्युआकडे. सातवे मत साडूंचे, तेही एव्हाना सभासद झाले होते. मी निर्धास्त होतो. ज्याचे घर जळणार तो आगपेटी कशाला देईल?

आणि मग मला एकेक गोष्ट दिसू लागली.

पहिली अशी की एका दुपारी मी हवामानखात्याच्या रस्त्याने येत होतो आणि समोरच्या फाटकातून साडू बाहेर पडले. काखेत मोजपट्टी नाही, हातात लाकूड नाही. जिने करणाऱ्याचे हवामानखात्यात काय काम?

"इकडे कुठे?" मी विचारले.

"काम होतं."

"सचिवबाईंकडे?"

"हो."

बघा, खोटे नाही. मी वाट पाहिली. पण पुढे काही आले नाही. उलट म्हणाले, "मास्तर, तुमच्या चपलेचा अंगठा सुटायला आलाय." मी खाली पाहिले, तेवढ्यात स्वारी रस्ता ओलांडून गेली होती. अंगठा खरोखरच सुटायला आला होता.

घरी येऊन मी पत्नीला सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "भाऊजी बोलायला गेले असतील," ती म्हणाली.

"बोलायला? ते? जो माणूस स्वतःच्या लग्नात चार वाक्यं बोलला?"

"अहो, तुमचं भांडण भाषेशी आहे की माझ्या भाऊजींशी?"

"कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुमच्या डोक्यात मुरतंय," ती म्हणाली आणि माझा सदरा माझ्याच हातात देऊन निघून गेली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. एका रविवारी सकाळी मी कारखान्यात गेलो. साडू मागच्या नळावर हात धूत होते. हत्यारांच्या पेटीचे झाकण उघडे होते आणि त्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मलाही शिकवलेले आहे. पण कागद उघड्यावर होता, आणि त्यावर दोन हस्ताक्षरे होती. डावीकडे पेन्सिलीने साडूंचे, उजवीकडे शाईने सचिवबाईंचे. ते बारीक, डावीकडे कललेले अक्षर मी सभांच्या इतिवृत्तांत वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. डावीकडे तेवीस शब्द होते. जमीन, पायरी, चढ, वळण, कठडा, खांब, पोट, नाक. प्रत्येकापुढे बाईंच्या शाईत काही आकडे आणि कंस. नाक म्हणजे पायरीची पुढे आलेली कड आणि पोट म्हणजे जिन्याची खालची बाजू, हे मला कळत होते. पण हवामानखात्याच्या बाईंना पायऱ्यांच्या नाकाशी काय कर्तव्य?

आणि यादीत सर्वांत खाली होते: सोपाण. पुढे लिहिलेले, 'अख्खा जिना'.

माझा शब्द! माझ्या मार्गदर्शिकेतला, आणि तोही अशुद्ध. सोपान, नळाच्या नचा. बाणाच्या णचा नव्हे. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाचा हात कसा चालतो, ते त्या धंद्यातल्यांनाच कळेल. खिशातले लाल पेन माझ्या हातात आले, टोपण निघाले, टोक कागदाला टेकणार, तोच मनात आले की हा कागद आपण पाहिलेलाच नाही. तो कट असेल तर कटाच्या कागदावर आपण शुद्धलेखन सुधारून जायचे? म्हणजे आपल्याला सगळे कळले आहे, हे आपणच कळवायचे? मी टोपण लावले आणि पेन खिशात ठेवले. मागून आवाज आला.

"काय बघताय मास्तर?"

"काही नाही. रंधा बघत होतो."

"रंधा तुमच्या डाव्या हाताला आहे," साडू म्हणाले, आणि पंच्याने बोटे एकेक करून पुसत राहिले.

तिसरी गोष्ट घड्याळजींच्या जिन्याची. घड्याळजी म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ. खाली दुकान, वर घर, मध्ये साडूंनी केलेला चौदा पायऱ्यांचा वळणाचा जिना. त्यांची सातवी पायरी तडकली. त्यांच्या पत्नीला कमी दिसते, ती कठडा धरून पाय चाचपत उतरते. म्हणून त्यांनी सकाळीच निरोप पाठवला. त्या आठवड्यात सचिवबाईंनी नव्या आवृत्तीचा कच्चा नमुना सर्वांना दिला होता. जुन्या ल्युआ स्क्रिप्ट तो आपोआप पायथनमध्ये उतरवतो, असे सांगितले होते. साडूंनी घड्याळजींचा जिना त्या नमुन्यात उघडला, सातवी पायरी मागितली, कागद काढला, त्यावरून लाकूड कापले. आणि कापली गेली ती आठवी.

कारण अगदी साधे आहे. ल्युआ एकापासून मोजते आणि पायथन शून्यापासून. ल्युआतला सात म्हणजे सातवा. पायथनमधला सात म्हणजे आठवा, कारण पहिल्याचा नंबर शून्य. बाईंच्या उतरवणाऱ्या यंत्रणेने शब्द बदलले, आकडे तसेच ठेवले.

मेव्हणीने ही बातमी फोनवर आमच्या हिला दिली आणि मला, खोटे कशाला बोलू, आनंद झाला. माझ्या तीन महिन्यांच्या युक्तिवादांना जमले नव्हते ते एका फळीने केले होते. पण त्याच संध्याकाळी आनंद ओसरून शंका आली. घड्याळजींच्या जिन्यात सातवी पायरी बरोबर कोपऱ्यातली. तिचा आकार पतंगासारखा, चार बाजूंचा, टोकदार. आठवी पाचरीसारखी, तीन बाजूंची. छत्तीस वर्षे जिने करणाऱ्या माणसाला पतंग आणि पाचर यांतला फरक करवत लावेपर्यंत कळू नये? मला कळला असता. म्हणजे त्यांनी ती जाणूनबुजून कापली. पण कोणासाठी?

सभा शनिवारी सकाळी दहाला, आमच्याच तंत्रनिकेतनाच्या रेखांकन-दालनात झाली. उंच टेबले, उंच स्टुले, खिडक्यांतून सरळ येणारा उजेड. मी माझे निवेदन नऊ पानांचे केले होते. ते वाचून झाल्यावर सचिवबाई म्हणाल्या, "सर, आपण मुद्दे फार छान मांडता," आणि पुढच्या कागदाकडे वळल्या. मग त्यांनी विचारले, "जिनेवाले, तुम्हाला काही सांगायचंय?"

साडू उठले. स्टुलाखालून गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी काढले आणि टेबलावर ठेवले. सागवानी पायरी होती, घासून, कडा मारून पूर्ण केलेली.

"ही घड्याळजींची सातवी," ते म्हणाले. "म्हणजे तुमच्या नमुन्याच्या मते. कोपऱ्यात बसत नाही. बसवली असती तर त्यांच्या बाईंचा पाय फटीत गेला असता."

मी विजयी मुद्रेने खिडकीकडे पाहिले.

सचिवबाईंच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, "पण कापायच्या आधी कळलं नाही का तुम्हाला?"

माझाच प्रश्न! मी कान टवकारले.

"कळलं होतं," साडू म्हणाले.

"मग कापली कशाला?"

"कागद दाखवला असता तर तुम्ही 'हो हो, बघू' म्हणून माना डोलावल्या असत्या. लाकडापुढे मान डोलवता येत नाही." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "खरी सातवी त्याच दिवशी जुन्या आवृत्तीतून काढून बसवली. त्यांच्या बाई उतरून चहा करून गेल्या."

"तर मग," मी म्हणालो, आणि माझा आवाज जरा चढला असेल, "याचा अर्थ स्पष्ट आहे. ही भाषा आपल्या कामाची नाही."

"तसं नाही, मास्तर."

"तसं नाही म्हणजे?"

"भाषेनं कुठून मोजावं तो तिचा प्रश्न. आत शून्यापासून मोजा, शंभरापासून मोजा. मी बाहेरून 'पायरी सात' अशी हाक मारली की सातवी पायरी आली पाहिजे. कोण आत बसून मोजतंय ते मला बघायचं नाही." एका दमात एवढे बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "आणि शून्य म्हटलं की जमीन यायला हवी. जिन्यात शून्य असतंच की. आपण उभे असतो तिथं."

सचिवबाई खाली बघून लिहीत होत्या. त्यांना नवल वाटलेले दिसले नाही, हे मी टिपून ठेवले.

मग साडूंनी खिशातून तो कागद काढला. तेवीस शब्दांचा. "लायब्ररीला हाक मारायची ही नावं," ते म्हणाले. "पायथनमध्ये आपल्या लिपीत लिहिता येतात म्हणे. चौदा वर्षं मी त्या तक्त्याकडे मान वर करून बघतोय. भाषा वीस वर्षांनी पुन्हा बदलेल; मी नसेन तेव्हा. नावं नीट असली तर माझ्यामागे कोणीही जिना उघडील. तीनशे बारा जिने उघडले पाहिजेत आणि पायरी सात म्हणजे सातवी. एवढं लिहून घ्या, मग माझं मत पायथनला."

मी माझी नऊ पाने घडी घालून खिशात ठेवली.

चार विरुद्ध तीन. इतिवृत्तात बाईंनी अट शब्दशः नोंदवली. मी ती दोनदा वाचली, पळवाट शोधली, सापडली नाही. मग सही केली. बाहेर पडताना साडूंना गाठले.

"हे आधीच ठरलेलं होतं."

"भाषेचं? हो. तुमच्या बाजूचे एक जण मला आधीच म्हणाले होते, मला काय, मी दोन्हीकडे खूश आहे, बाईंनी म्हटलं तर तिकडे. भाषा राहणार नव्हती, मास्तर."

"मग मला सांगायचं होतं!"

"तुम्ही विचारलं का?"

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती पायथन. आणि विचारले नाही म्हणून सांगितले नाही, ही तिची बाजू घेणाऱ्याची नीती. मी घरी आलो आणि दोन दिवस मेव्हणीचा फोन घेतला नाही, जणू मत तिने दिले होते.

नवी आवृत्ती आठ महिन्यांनी आली. मी कोणावरही विसंबत नाही. आमच्या घरचा जिनाही साडूंचाच, क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी, वळणाचा. एका दुपारी घरी कोणी नसताना मी तो उघडला. चटकन उघडला, हे मला आवडले नाही. 'पायरी', कंसात सात, असे लिहिले. कागद पूर्ण मापात छापला, चार पाने जोडून कात्रीने कापला आणि सातव्या पायरीवर अंथरला. कागदाची कड लाकडाच्या कडेवर अशी बसली की नख घालायला जागा नव्हती. मग सहावी, मग आठवी. मग शून्य. पडद्यावर एकच शब्द आला: जमीन.

जिन्याच्या पायथ्याशी मी थोडा वेळ उभा राहिलो. बावीस वर्षे मी तो जिना रोज चढतो. खाली बघून एकदाही चढलेलो नाही, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आले, आणि कोणाला सांगितले नाही.

मग अख्खा जिना एकत्र छापावा म्हणून 'सोपान' लिहिले. उत्तर आले: असे नाव नाही. पुन्हा लिहिले, सावकाश. असे नाव नाही. तेव्हा तो कागद आठवला. 'सोपाण' लिहिले. जिना समोर उभा राहिला.

मी तडक सचिवबाईंना फोन लावला. "अहो, तो शब्द अशुद्ध आहे!"

"हो का, सर?" त्या म्हणाल्या. "अख्ख्याला 'जिना'च म्हणणार होतो, पण ते नाव फाइलच्या प्रकाराला आधीच दिलेलं होतं, एका नावाच्या दोन गोष्टी चालत नाहीत. जिनेवाल्यांनी हा शब्द सुचवला. मला वाटलं, सुतारांचा शब्द असेल."

"सुतारांचा? तो माझा आहे!"

"आता बदलता नाही येणार, सर. तीनशे बारा जिन्यांत आहे, शिवाय बाहेरच्या किती जणांनी वापरायला घेतलाय. बदलला तर त्यांचे जिने उघडणार नाहीत. अटीवर तुम्हीच सही केलीत."

कारखान्यात पोहोचलो तेव्हा साडू एका कठड्याला पॉलिश करत होते. भिंतीवरचा एकेचाळीस नावांचा तक्ता गेला होता. करवतीच्या वर त्याचा नुसता फिकट चौकोन राहिला होता. मी दारातूनच म्हणालो, "साडूभाऊ, सोपान नळाच्या नचा असतो."

त्यांचा हात थांबला. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

"रंधा बघत होता तेव्हा."

माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

"तुमचा शब्द म्हणून मुद्दाम घेतला होता," ते म्हणाले. "सातवीतला माणूस मी, तुमची मार्गदर्शिका केव्हाच वाळवीनं खाल्ली, न की ण, मला कळेना. विचारलं तर तुम्ही पायथनच्या कामाला शब्द दिला नसता. म्हटलं, कागद झाकणावर लावून ठेवू. मास्तरांना चूक दिसली की राहवायचं नाही. पेन बाहेर आलं, म्हटलं आता सुधारतील. पेन आत गेलं." त्यांनी फडका पुन्हा पॉलिशमध्ये बुडवला. "म्हटलं, चला, बरोबर लिहिलंय."

चोराच्या मनात चांदणे, ही म्हण मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिली असेल. एक रेघ ओढायची होती. मी ती ओढली नाही, कारण मला कटाचा वास येत होता. आता तीनशे बारा जिने त्या णवर उभे आहेत आणि जोवर ते उघडायचे आहेत, तोवर तो ण हलणार नाही.

नवी मार्गदर्शिका मीच लिहितो आहे. दुसरे कोण लिहिणार? त्या पानावर पोहोचलो तेव्हा खाली टीप घातली: 'शुद्ध रूप सोपान, परंतु येथे सोपाण असेच लिहावे, अन्यथा जिना उघडणार नाही.' परीक्षेत एका विद्यार्थ्याने नेमके तसेच लिहिले आणि मला त्याला पूर्ण गुण द्यावे लागले. साडूंनी ती टीप वाचली आणि छान आहे म्हणाले. ते खोटे बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी अजून तपासतो आहे. त्या रविवारी मी दाराकडे पाठ करून उभा होतो, आणि त्यांचा आवाज आला तो पेन खिशात गेल्यानंतर. मग हात धुऊन ते दारात किती वेळ उभे होते, आणि पेन बाहेर आले तेव्हाच शब्द चुकला आहे हे त्यांना कळले नव्हते का? विचारले तर खरे सांगतील. म्हणूनच अजून विचारलेले नाही.